लाख रुपयांचा चरखा

दारिद्र्यनिवारणाच्या कामीं हल्लीं 'डिझाइन थिंकिंग' या पद्धतीचा बराच बोलबाला आहे. वस्तूचा आराखडा काढण्यापूर्वीं ती वापरणाऱ्याचें घर, त्याचे हात व त्याची अडचण पाहावी. मग वस्तु करून त्याच्याच हातीं द्यावी, आणि चुकल्यास पुन्हां करावी, एवढाच तिचा गाभा. नांव नवें, पण या विचाराची एक मोठी कसोटी हिंदुस्थानांत १९२९ सालींच लागली होती.

त्या वर्षीं अखिल भारतीय चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. शेतीचें काम नसतां रिकाम्या राहणाऱ्या हातांना घरबसल्या चार पैसे मिळावे, हा चरख्याचा हेतु; पण दिवसभर कांतूनही मजुरी आण्यादोनआण्यांपुढें जाईना. बक्षिसाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकें, उचलून नेतां येण्याजोगें आणि खेड्यांतल्या साध्या झोंपडींत हातानें किंवा पायानें चालणारें असावें. बाईला त्यावर फारसे श्रम न होतां आठ तास काम करतां यावें, व तेवढ्यांत १२ ते २० नंबराचें १६,००० वार सूत निघावें. किंमत १५० रुपयांच्या आंत. दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा ५ हून अधिक नको. नीट वापरल्यास यंत्र २० वर्षें टिकावें.

यंत्रज्ञास यांतली सुताची अट कठीण वाटेल. खरें मर्म दुरुस्तीच्या अटींत आहे. खेड्यांत मिस्त्री सहसा मिळत नाहीं. महिनाभर कोपऱ्यांत पडलेला चरखा म्हणजे महिनाभर बुडालेली मजुरी. एक उणीव मात्र डोळ्यांत भरते. दिवसाला दीड आणा धरला, तर दीडशें रुपये म्हणजे सोळाशें दिवसांची मजुरी! ती कांतणारीनें आणावी कोठून?

किर्लोस्करवाडीहूनही एक यंत्र परीक्षेस गेलें. तें अटींस उतरलें नाहीं, व बक्षीस कोणासच मिळालें नाहीं. १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनीं पेटींत मिटणाऱ्या दोनचाकी चरख्यावर प्रयोग केले. त्यानें ने-आण सोपी झाली, चाती मात्र एकच राहिली. तमिळनाडूंतील एकांबरनाथ यांच्या कल्पनेंतून निघालेला चार चात्यांचा अंबर चरखा सरकारनें दुसऱ्या पंचवार्षिक योजनेंत (१९५६–६१) खेडोपाडीं नेला. एका हातानें चाक फिरवावें आणि चार धागे एकदम निघावे! पण त्याला साधा पेळू चालत नाहीं. सर्वत्र सारख्या जाडीची कापसाची वात लागते. प्रथम ती घरींच करण्याचीं साधनें चरख्याबरोबर मिळत; पुढें ती मध्यवर्ती कारखान्यांतून येऊं लागली. ती वेळेवर आली नाहीं, कीं चारही चात्या थांबतात.