नागसेनवन : दार कोणासाठी उघडले?

विद्यापीठाचा परिसर म्हटला, की लोकांच्या डोळ्यांपुढे दगडी इमारती आणि ग्रंथालये उभी राहतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमच्या मनात आधी प्रश्न येतो तो हा, की या दारातून आत कोण जाऊ शकत होते?

औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे उदाहरण घेऊ. निजामाच्या राज्यात 1918 साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी शेतकऱ्याच्या मुलाला पदवी घ्यायची तर परगावचा खर्च आणि परकी भाषा, असे दुहेरी ओझे होते.

1948 साली संस्थान भारतात विलीन झाले. जून 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी इमारतीची कोनशिला बसविली. परिसराचे नाव नागसेनवन. पाली ग्रंथात मिलिंद राजा प्रश्न विचारतो आणि भिक्षू नागसेन उत्तरे देतो. सिंहासनावरचा माणूसही शिकायला बसतो, हा त्या नावाचा अर्थ आम्हांस फार मोलाचा वाटतो.

येथे वसतिगृहेही उभी राहिली, ही गोष्ट लहान नव्हे. फी माफ केली, पण राहण्या-जेवण्याची सोय नसली, तर खेड्यातल्या मजुराच्या मुलाला दार बंदच! अजिंठ्याच्या विहारांत मधल्या मंडपाभोवती भिक्षूंच्या खोल्या आहेत. राहणे आणि शिकणे तेथेही एकाच छपराखाली होते.

23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. नागसेनवनाच्या पलीकडे, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी ते वसले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला. त्यावर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. एका पाटीसाठी साडेपंधरा वर्षे लागली. कारण तंटा पाटीचा नव्हता, विद्येवर मालकी कोणाची, याचा होता.

म्हणून श्रोत्यांना आमचे एवढेच सांगणे : पुढल्या जूनमध्ये प्रवेश सुरू झाले, की या रस्त्याने एकदा चालत जा. वसतिगृहात जागा किती आणि मागणारे किती, हे विचारा. हिशेब तेथूनच मांडावा लागतो.