परसांतील मांडवास लाकूड कोणतें?

परसांत जाईजुईचा वेल चढविण्यासाठीं मांडव घालण्याची हौस पुष्कळांस असते; परंतु लाकूड निवडतांना केवळ भावाकडे पाहिलें, तर थोड्याच पावसाळ्यांत खांब कुजतात. मांडवाखालीं मुलें खेळतात, हें ध्यानांत ठेवून आम्ही दोन शब्द सांगतों.

लाकूड कुजतें तें मुख्यतः जमिनीलगत. कारण तेथें ओल व हवा दोन्ही मिळाल्यानें बुरशी वाढते. डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेनें लाकडाचे तुकडे अर्धे जमिनींत पुरून त्यांचा टिकाऊपणा पाहिला आहे. सरासरी १२० महिने वा अधिक टिकलें तें पहिल्या वर्गाचें. ६० महिन्यांहून कमी टिकलें तें तिसऱ्या. सागाचा गाभा पहिल्या वर्गांत येतो, आंबा तिसऱ्यांत. म्हणून आंब्याचा स्वस्त खांब शेवटीं महागच पडतो.

तथापि सागाचें नुसतें नांव ऐकून भुलूं नये. सालीलगतचा फिकट भाग वाळवी सहज खाते. सोनेरी-तपकिरी गाभाच पाहून घ्यावा. वरच्या आडव्या काठ्यांस बांबू चालेल. मात्र त्यांतील पिष्टमय अंशास कीड लागते, म्हणून तो कांहीं आठवडे पाण्यांत भिजवून मग सावलींत वाळवावा.

काठी मोडली तर बदलतां येते. खांब बदलणें म्हणजे सारा मांडव उतरणें. तेव्हां काटकसर काठ्यांत करावी, खांबांत करूं नये. आणि खांब मातींत न पुरतां दगडी बैठकीवर लोखंडी पट्ट्यांनीं घट्ट जखडावे.