गाठीने मागवलेले रक्त

मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर उगवलेली कर्करोगाची गाठ दुर्बिणीतून पाहिली, तर ती बहुधा पाण्यात हलणाऱ्या शेवाळाच्या झुबक्यासारखी दिसते, आणि झुबक्यातील प्रत्येक बारीक पाकळीच्या मधोमध, पानातून शीर जावी तशी, एक नाजूक रक्तवाहिनी गेलेली असते. या वाहिन्या सहज फुटतात. म्हणूनच कसलीही वेदना नसताना लघवीवाटे रक्त जाणे हे या रोगाचे नेहमीचे पहिले लक्षण ठरते. ते रक्त पुष्कळदा आपोआप थांबते आणि रुग्ण निर्धास्त होतो, हीच त्यातील मोठी फसगत.

रक्तपुरवठ्यावाचून कोणतीही गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढू शकत नाही, त्यामुळे ती नव्या वाहिन्या स्वतःच मागवून घेते, असा विचार बोस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. ही मागणी रेणूंच्या भाषेत होते. प्रत्येक पेशीत ‘हिफ’ नावाचे प्रथिन सतत तयार होत असते आणि ऑक्सिजन पुरेसा असेल तर लगेच मोडलेही जाते. ऑक्सिजन घटला की मोडणे थांबते, प्रथिन साचते आणि ‘व्हीईजीएफ’ हे वाहिन्यांची वाढ घडवणारे प्रथिन बनवणारा जनुक जागा करते. जवळच्या केशवाहिनीच्या अस्तरपेशींवर त्याचे ग्राही, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरून घेणारी प्रथिने असतात. रेणू तेथे बसला की एक पेशी पुढे सरते, बोटांसारखे तंतू काढून चाचपडत जाते आणि शेजारच्या पेशींना मागेच राहण्याचा इशारा देते. मागच्या पेशी विभागत जातात आणि नळी लांबते. जखम भरतानाही हेच घडते, पण तेथे काम वेळेवर थांबते. गाठीत ते थांबत नाही, आणि घाईने उभ्या राहिलेल्या वाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या निघतात.

मूत्राशयात गाठ लघवीतच बुडालेली असल्याने या मागणीचा पुरावा बाहेरही सापडतो: अशा रुग्णांच्या लघवीमुळे केशवाहिन्यांच्या पेशी जागा सोडून सरकू लागतात, असे १९८१ मध्येच दिसून आले होते. दुर्बिणीतून ४१५ आणि ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा-हिरवा प्रकाश सोडल्यास रक्तातील हिमोग्लोबिन तो शोषून घेते, वाहिन्यांचे जाळे गडद उठून दिसते आणि साध्या प्रकाशात निसटणारी लहान गाठही नजरेत येते.

मग ही मागणीच तोडली तर? प्रगत रोगावर नेहमीच्या रसायनोपचारासोबत व्हीईजीएफला जखडून ठेवणारे बेव्हॅसिझुमॅब देऊन ५०० हून अधिक रुग्णांवर चाचणी झाली, पण रुग्णांचे आयुष्य त्याने लक्षणीय वाढले नाही. डोळ्यांना इतके स्पष्ट दिसणारे लक्ष्य औषधाला मात्र पुरले नाही.

यश आले ते दुसऱ्या ग्राहीवर. मूत्राशयाच्या अनेक गाठींत ‘एफजीएफआर-३’ या ग्राहीच्या जनुकात बदल झालेला असतो आणि त्यामुळे बाहेरून संदेश न येताही तो चालूच राहून गाठीच्या पेशींना वाढवत राहतो. त्याला रोखणाऱ्या अर्डाफिटिनिबच्या गोळीला अमेरिकेत २०१९ मध्ये, असा बदल आढळलेल्या प्रगत रुग्णांसाठी, मान्यता मिळाली. मात्र याच कुळातील ग्राही मूत्रपिंडात फॉस्फेट बाहेर टाकण्याचेही नियमन करतात. म्हणून ही गोळी घेणाऱ्याच्या रक्तातील फॉस्फेट वाढते आणि ते पुन्हा पुन्हा मोजून गोळीची मात्रा ठरवावी लागते.