डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजाराबाहेर पाच मिनिटं उभं राहून बघा. कॅरेटांनी गच्च भरलेल्या पिकअपची ही लांबलचक रांग! एखादी गाडी निघताना मागे काळाकुट्ट ढग सोडते, शेजारची मात्र नुसती गुरगुरते. दोघींत डिझेलच, मग फरक कसला?

आजीची चूल आठवा. फुंकणी मारली नाही, की धुरानं डोळे चुरचुरतात ना? इंजिनाचंही तसंच. जळायला हवा कमी पडली, की डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी बाहेर येते. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या धुळीच्या शेतरस्त्यांवर एअर फिल्टर तुंबायला कितीसा वेळ लागतो? त्यात माळशेज घाटाचा रस्ता आणि गाडीला झेपेल त्याहून जास्त माल.

काळा धूर निदान दिसतो तरी. पेट्रोलच्या इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद शेडमध्ये गाडी सुरू ठेवून बसणं जिवावर बेतू शकतं, हे घरी जरूर सांगा.

तो मोजायचा कसा? पीयूसी चाचणीत सायलेन्सरमध्ये नळी घालून धुराचा नमुना यंत्रात ओढतात आणि त्यातून इन्फ्रारेड किरण सोडतात. कार्बन मोनॉक्साइड त्या किरणांचा ठरावीक भाग गिळतो. जेवढा गिळला, त्यावरून वायू किती ते कळतं! सन २००० पूर्वीच्या स्कूटरला ४.५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, तर बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल मोटारीला फक्त ०.३ टक्के. डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर जोरात दाबून धूर एका नळीतून नेतात आणि त्यातून आरपार किती प्रकाश जातो ते पाहतात.

नवी गाडी वर्षाची झाली, की हे प्रमाणपत्र लागतं. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांना ते वर्षभर चालतं, त्याआधीच्यांना सहाच महिने. (गाडी केंद्रावर न नेताच प्रमाणपत्र मिळालं, तर तो नुसता कागद समजा.)

पण चाचणी पाच मिनिटांची. वर्षाचे उरलेले दिवस धुरावर लक्ष कोण ठेवणार?

गाडी स्वतःच! नव्या मोटारींत स्पीडोमीटरजवळ इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम आले, तेव्हापासूनच्या दुचाकींतही तो आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत एक सेन्सर असतो. जळून आलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरलाय, हे तो सतत गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवतो. गणित बिघडलं, की संगणक दोषाचा सांकेतिक क्रमांक लिहून ठेवतो आणि दिवा लावतो. गॅरेजमध्ये मेस्त्री स्कॅनर जोडून तो क्रमांक वाचतात. काही जण नुसता क्रमांक पुसून दिवा घालवतात, पण दोष तसाच असेल तर तो पुन्हा लागतोच.

दिवा स्थिर असेल, तर घाबरू नका. गाडी चालते, पण लवकर दाखवून घ्यावी. पेट्रोलच्या मोटारीत तो उघडझाप करू लागला, तर वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवायला सांगा. अशा वेळी सिलिंडरात पेट्रोल न जळताच पुढे जातं आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळू शकते. हा भाग भलताच महाग असतो बरं का!

त्रास नको म्हणून दिव्यावर चिकटपट्टी लावणारे महाभागही असतात. जुनी गाडी विकताना तर हा दिवा पार काढूनच टाकल्याचे प्रकार होतात. ते ओळखणं सोपं आहे. चावी फिरवली, पण इंजिन सुरू केलं नाही, तरी दिवा लागायला हवा आणि इंजिन सुरू होताच विझायला हवा. चावी फिरवूनही तो लागलाच नाही, तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढलाय. मामा किंवा काका जुनी गाडी बघायला मंचरला निघाले, तर तुम्हीही बरोबर जा आणि आधी चावी फिरवायला सांगा.