परकी भाषा केव्हां व कशी?

आपल्या मुलास इंग्रजी लवकर यावें, ही इच्छा आज दुकानदारापासून वकिलापर्यंत बहुतेक घरीं आहे; आणि तींत निंद्य असें आम्हांस कांहींच दिसत नाहीं. परंतु इच्छा योग्य असली म्हणजे उपायही योग्यच असतो असें नव्हे. तीन वर्षांचें मूल परभाषेच्या शाळेंत घातलें कीं आपलें कर्तव्य संपलें, असें मानणाऱ्या पालकांस दोन शब्द स्पष्ट सांगणें अवश्य झालें आहे.

बालपणीं कान तीक्ष्ण असतो, हें खोटें नव्हे. वर्कर व टीस या कॅनडांतील संशोधकांनीं १९८४ सालीं दाखवून दिलें कीं, इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बालकांस हिंदींतील 'त' व 'ट' यांमधील भेद ओळखतां येतो. पण तो घरांत कानीं न पडल्यामुळें वर्षाच्या आंतबाहेर तें सामर्थ्य बहुतेक लोपतें. आमच्या सोलापुरांतच पाहा! घरीं तेलुगू, शेजारीं कन्नड व रस्त्यांत मराठी ऐकणारीं मुलें व्याकरणावांचून त्या भाषा बोलूं लागतात.

परंतु हें श्रेय केवळ वयाचें नव्हे. दिवसभर कानीं पडणाऱ्या जिवंत भाषेचें तें आहे. शाळेंत काय मिळतें? दिवसाचा एखादा तास, आणि पुष्कळदां ज्यास ती भाषा स्वतःस सहज बोलतां येत नाहीं असा शिक्षक! स्पेनांतील बार्सेलोना येथें कार्मेन मुन्योस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या दीर्घ पाहणींत असें आढळलें कीं, शिक्षणाचे तास सारखे असतां आठव्या वर्षीं आरंभ करणाऱ्यांहून अकराव्या वर्षीं आरंभ करणारीं मुलें अधिक वेगानें पुढें गेलीं.

महाराष्ट्रानें २००० सालीं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलें. गरिबाच्या मुलासही संधि मिळावी, हा हेतु उदार होता. पण खेडोपाडीं पुस्तक पोंचविणें जितकें सोपें, तितकेंच बोलता शिक्षक पोंचविणें कठीण. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असें सांगितलें, तें आम्हांस सर्वथा मान्य आहे. ज्या मुलास न समजलेली गोष्ट विचारण्यापुरतीही भाषा नाहीं, तें गणित काय शिकणार? तें गप्प बसतें, आणि त्या गप्प बसण्यास आपण शिस्त म्हणतों!

तर मग करावें काय? माध्यम घरचें ठेवावें; परभाषा प्रथम गाणीं, गोष्टी व संभाषण यांतून कानावर घालावी; अक्षरें मागाहून यावीं; आणि सरकारनें नव्या पुस्तकांआधीं शिक्षकांच्या तयारीवर पैसा खर्चावा.

व्यापारी वाचकांस आमची एवढीच विनंति: केवळ पाटी पाहून आपण मालाचा सौदा करीत नाहीं. तर शाळेंत मूल घालण्यापूर्वीं वर्गांत जाऊन बसा. शिक्षक स्वतः बोलतो काय, आणि मूल निर्भयपणें प्रश्न विचारतें काय, एवढें पाहा. पाटीवर कोणती भाषा लिहिली आहे, हें मग पाहिलें तरी चालेल.