मातीची वळी, यंत्राचा हात

अमेरिकेच्या कॉलोराडो राज्यातील सॅन लुईस खोऱ्यात 2019 मध्ये मातीच्या चार शिल्पवास्तू उभ्या राहिल्या. रोनाल्ड रेल आणि व्हर्जिनिया सॅन फ्रातेल्लो या वास्तुकारांच्या या प्रकल्पाचे नाव ‘मड फ्रंटियर्स’, म्हणजे मातीच्या सीमा. हा मुलूख 1848 च्या तहाने मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. सीमा दक्षिणेकडे सरकली, पण मातीत बांधण्याची रीत दोन्ही बाजूंना चालूच राहिली. रेल यांचे बालपण याच खोऱ्यात गेले.

तिथल्या उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटेला ‘अडोबी’ म्हणतात. हा शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून अमेरिकेत पोहोचला. रिओ ग्रांदे नदीकाठच्या प्वेब्लो या मूलनिवासी लोकांची मातीकामाची परंपरा मात्र स्पॅनिश लोकांच्या आधीची आहे. त्यांच्या कुंभारकामात चाक नसते. माती लांब वळून ती वळी गोल फिरवायची, तिच्यावर दुसरी बसवायची आणि भांडे हळूहळू वर चढवायचे.

‘मड फ्रंटियर्स’च्या वास्तू थरावर थर छापणारे यंत्र नेमके हेच करते. चाळलेली माती, वाळू, पेंढा आणि पाणी एकत्र मळून पंपाने नळीत ढकलतात. संगणकावर आखलेल्या वाटेने यंत्राचा हात फिरतो आणि नळीच्या तोंडातून चिखलाची अखंड वळी पडत जाते. यंत्र उचलून नेण्याजोगे असल्याने ते माती जिथली, तिथेच काम करते. गती मात्र मातीच ठरवते. खालचा थर थोडा आवळल्याशिवाय वरचा टाकता येत नाही, नाहीतर भिंत स्वतःच्याच ओझ्याने बसते.

चार वास्तूंपैकी ‘बीकन’मध्ये पातळ भिंतीचा प्रश्न हाताळला आहे. तिची वळी सरळ न जाता नागमोडी जाते. साधा पत्रा वाकतो, पन्हळी पत्रा ताठ राहतो. त्याच न्यायाने या वळणांमुळे थोड्या मातीत भिंत उभी राहते. हाताने इतकी सारखी लाट शेकडो थर राखणे फार कठीण, आणि संगणकाची खरी मदत इथे होते. ‘हार्थ’ या शेकोटीच्या वास्तूत आतली आणि बाहेरची भिंत ज्युनिपरच्या लाकडांनी एकमेकींशी बांधली आहे. हे लाकूड सहसा कुजत नाही, म्हणून स्थानिक लोक ते पूर्वीपासून वापरत आले. ‘लुकआउट’ म्हणजे माणसाचे वजन पेलणारा मातीचा जिना.

चौथी वास्तू ‘किल्न’ ही प्रत्यक्ष भट्टी आहे. बाकी तिन्ही ठिकाणी कच्ची राहिलेली माती इथे आगीला सामोरी जाते: स्थानिक मातीची भांडी या छापलेल्या भिंतींच्या आत, ज्युनिपरच्या जाळावर भाजली जातात.