भिंतीवरचा तिसरा फोटो

निकाल लागले की नाशिकच्या कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला सकाळी चक्कर मारा. काळा गाऊन, डोक्यावर चौकोनी टोपी आणि पायात पांढरे बूट अशा मुलींचे घोळके दिसतील. कुणी टोप्या हवेत उडवतंय, कुणी झाडाखाली उभं राहून लांब कुठेतरी बघतंय. याला म्हणे ग्रॅज्युएशन फोटोसेशन म्हणतात. लग्नाच्या फोटोंसारखं याचंही पॅकेज असतं. माझ्या पुतणीनं, म्हणजे मोठ्या जाऊबाईंच्या लेकीनं, इंजिनिअरिंग झाल्यावर हे सगळं साग्रसंगीत केलं. तेव्हा जाऊबाई सगळ्यांच्या पर्सेस आणि ओढण्या सांभाळत एका कट्ट्यावर बसल्या होत्या.

आता गंमत बघा. त्याच वर्षी त्या स्वतःही बी.ए. झाल्या होत्या. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून. पण हे त्या कट्ट्यावर कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. आलं ते लेकीच्या. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, तुझा पण फोटो काढू या की."

"मला कशाला गं? या वयात लोक हसतील," हे पहिलं उत्तर. ते अपेक्षितच होतं. दोन दिवसांनी मात्र त्यांनी मला फोन केला आणि हळूच म्हणाल्या, "अगं, काढायचाच असेल तर एकच काढू. पण दादाच्या आणि अण्णाच्या फोटोएवढा."

मैत्रिणींनो, हे फोटो तुमच्याही माहेरी कुठेतरी असतील. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, बाजूला कुंडी, अंगात गाऊन आणि हातात सुरळी केलेला कागद. घरातला मुलगा पदवीधर झाला की हा फोटो काढायचाच, अशी रीत होती. जाऊबाईंच्या माहेरी, चांदवड तालुक्यातल्या खेड्यात, ओसरीच्या भिंतीवर दोन भावांचे असे फोटो आहेत. बहिणीचा फोटो आहे तो लग्नातला, आतल्या खोलीत. दहावीला बासष्ट टक्के पडले होते तिला. पण पुढचं कॉलेज तालुक्याला, एस.टी.नं रोज पोरीला कोण पाठवणार, म्हणून वडिलांनी शाळा थांबवली. पुढे सासरी निफाड तालुक्यात आल्यावर त्या अंगणवाडी सेविका झाल्या. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी केली, आणि बी.ए. कारण वरच्या जागेसाठी, पर्यवेक्षिका व्हायचं तर, पदवी लागते.

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. त्यांच्या वडिलांना, तात्यांना, काचबिंदू आहे. एक डोळा गेलेलाच. दुसऱ्यानं उजेडात, जवळ धरलं तर दिसतं. किती दिवस दिसेल हे डॉक्टरही सांगत नाहीत. म्हणून फोटो दिवाळीच्या आत हवा होता.

जागा कुठली, यावर आमची बरीच चर्चा झाली. पुतणीचं म्हणणं, माझ्या कॉलेजात काढू, इमारत छान आहे. जाऊबाई ठाम होत्या, "माझ्या विद्यापीठातच." खरं सांगायचं तर त्यांनी विद्यापीठ कधी बघितलेलंच नव्हतं! मुक्त विद्यापीठाचं हेच तर वैशिष्ट्य. १९८९ मध्ये हे विद्यापीठ सुरू झालं, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्यांचं ब्रीद. म्हणजे ज्ञान घरी येणार, आपण जायचं नाही. जाऊबाईंचं अभ्यासकेंद्र जवळच्या गावातल्या कॉलेजात होतं. रविवारची संपर्कसत्रं, स्वाध्यायाच्या वह्या, परीक्षा सगळं तिथेच. विद्यापीठ म्हणजे त्यांच्या लेखी पुस्तकांवरचा एक पत्ता होता. ज्ञानगंगोत्री, गंगापूर धरणाजवळ, गोवर्धन, नाशिक ४२२ २२२. एवढे सगळे दोन असलेला पिनकोड आपण कधी विसरलो नाही, असं त्या सांगतात.

ठरलं तर मग. आता तयारी. रविवारी त्यांना सुट्टी, पण आम्हाला विद्यापीठाचं कार्यालय उघडं असलेला दिवस हवा होता. तेव्हा त्यांनी किरकोळ रजा टाकली. मोठ्या दिरांची द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चालू होती, त्यामुळे ते येणं शक्यच नव्हतं. (ते मजुरांच्या मागे होते म्हणून नाही आले, की लाजले म्हणून, हे मी विचारलं नाही.) सासूबाईंनी मात्र सकाळी साडेपाचला उठून डबा करून दिला. परीक्षेच्या दिवसांतही त्या असंच करायच्या, आणि करताना दिवसभर कुरकुरायच्याही.

तुमच्यापैकी कुणाला असा बेत करायचा असेल तर काही गोष्टी सांगते. आवारात कॅमेरा घेऊन थेट जाऊ नका, फाटकावरच अडवतील. आधी साध्या कागदावर अर्ज लिहून द्या, कोण, किती जण, कुठल्या दिवशी, आणि परवानगीचा कागद बरोबर ठेवा. परीक्षेचे आणि प्रवेशाचे दिवस टाळा. फोटो एक तर सकाळी नऊच्या आत, नाहीतर चारनंतर. दुपारच्या उन्हात त्या चौकोनी टोपीची सावली बरोब्बर डोळ्यांवर पडते आणि अख्खं तोंड काळं दिसतं. चष्मा असेल तर फोटोग्राफरला चकाकी तपासायला सांगा. साडीवर गाऊन खांद्यावरून घसरतो आणि पाठीवरचं हूड गळ्याशी येतं, म्हणून डझनभर सेफ्टी पिना हव्यातच. पदवीचा मूळ कागद सुरळी करून हातात धरू नका, घडी पडली की पडली. तो फाईलमध्येच राहू द्या, सुरळीला कोराच कागद घ्या. आतलं कुणाला दिसतंय! आणि फोटोग्राफरला किती फोटो हवेत, मोठा कुठला करायचा, पैसे किती, हे आधी बोलून घ्या. ड्रोनच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

गाऊन घालायचा की नाही, हाही एक वादाचा मुद्दा निघाला. पुतणी म्हणाली, येवल्याची पैठणी नेस, तीच छान दिसेल, गाऊन इंग्रजांचा. तिचं अगदीच चूक नाही. २०१० मध्ये भोपाळला एका पदवीदान समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच गाऊन उतरवला होता, हा गुलामीच्या काळातला अवशेष म्हणून. आता कित्येक ठिकाणी गाऊनऐवजी उपरणं आलंय. आपल्या आनंदीबाई जोशींचा १८८५ चा फिलाडेल्फियातला फोटो तुम्ही पाहिला असेल. भारतातली, जपानमधली आणि सीरियातली अशा तीन विद्यार्थिनी, तिघीही आपापल्या देशाच्या वेशात. कुणाच्याही अंगात गाऊन नाही, तरी तो फोटो जगभर ओळखला जातो.

मला स्वतःला आनंदीबाईंचा तो फोटो कुठल्याही गाऊनपेक्षा आवडतो. पण जाऊबाईंचा हिशेब वेगळा होता. "भावांचे गाऊनमधले आहेत ना? मग माझा पण गाऊनमधलाच." यावर पुतणीही गप्प बसली. गाऊन स्नेहसंमेलनाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून आणला, दोनशे रुपये. आत साधी हिरवी सुती साडी, परीक्षेला नेसून जायच्या तीच.

गंगापूर रोडनं जाताना मी त्यांना कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट सांगितली. ही बाई आपल्या नाशिकातच जन्मलेली, १८६६ साली. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर. पुढे ऑक्सफर्डला जाऊन १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, तीही तोवर कुठल्याच बाईनं दिली नव्हती. परीक्षेला बसू दिलं, पण पदवी नाही दिली. कारण ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं, ते १९२० साली सुरू झालं. कॉर्नेलियांना त्यांची पदवी हातात मिळाली १९२२ मध्ये. तोवर वयाची पंचावन्न वर्षं उलटून गेली होती. जाऊबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझं लवकरच झालं म्हणायचं."

आवारात शिरल्यावर मात्र त्या एकदम गप्प झाल्या. पाऊस नुकताच संपलेला, गवत कमरेएवढं हिरवं. विद्यापीठाच्या नावाच्या पाटीसमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. फोटोग्राफर बिचारा घड्याळ बघत होता. मी त्याला जरा थांबायला सांगितलं. मग फोटो झाले. एक नाही, अकरा झाले. सुरुवातीचे सगळे आधारकार्डासारखे, श्वास रोखून काढलेले. लेकीनं पुढे होऊन आईच्या टोपीचा गोंडा सारखा केला तेव्हा जाऊबाई तिच्यावर खेकसल्या, "राहू दे गं, मला येतं." तेवढ्यात त्यानं जो काढला तोच मोठा करायचा ठरला. टोपी किंचित तिरकी आहे त्यात.

फ्रेमचं मापही त्यांनी भावजयीला फोन करून मागवलं होतं. पट्टीनं मोजून, लाकडाची जाडीसुद्धा.

भाऊबीजेला त्या माहेरी गेल्या, मीही बरोबर होते. ओसरीवर दोन्ही भावांचे फोटो बरोब्बर मधोमध होते. तिसरा बसवायचा तर दोन्ही खिळे उपटून सरकवणं भाग होतं. भाऊ काही न बोलता स्टुलावर चढले. आधीचे खिळे निघाले तशी भिंतीचा थोडा पोपडाही पडला. तोवर तात्यांनी फोटो मागून घेतला, दाराशी उजेडात गेले आणि डोळ्याशी धरून कितीतरी वेळ बघत राहिले. शाळा थांबवली होती, त्याबद्दल आता काहीतरी बोलतील असं मला वाटलं. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

"गाऊन कुणाचा गं?" त्यांनी विचारलं.

"भाड्याचा, तात्या. दोनशे रुपये पडले."

"पोरांचा पण स्टुडिओवाल्याचाच होता," तात्या म्हणाले. "त्यानं वेगळे पैसे नव्हते घेतले."